आकडा मावत नसेल, तर तसे सांगावे

मुखेड तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याकडे जमीन किती, हे आता त्याला कोणी विचारत नाही. पीक कर्ज असो, विमा असो, फार्मर आयडी असो की अतिवृष्टीच्या मदतीची यादी असो, हा प्रश्न थेट संगणकाला विचारला जातो आणि संगणक हेक्टर-आरमध्ये उत्तर देतो. गावात पाऊस किती पडला, हेही यंत्रच सांगते. उत्तर तत्काळ मिळते, नीट छापलेले असते आणि सातबारा असेल तर त्यावर डिजिटल स्वाक्षरीही असते. हे चांगलेच झाले. एका उताऱ्यासाठी सज्जावर चार-चार हेलपाटे घालण्याचे दिवस परत यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. पण या व्यवस्थेत एक मोठी उणीव राहून गेली आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडे नसते, किंवा जे उत्तर त्याच्या चौकटीत बसत नाही, तिथेही ते कोणता ना कोणता आकडा देते, आणि तो आकडा दिसायला खऱ्या आकड्यासारखाच असतो. शासकीय यंत्रणेला ‘हे मला सांगता येत नाही’ असे म्हणता आले पाहिजे आणि त्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये व कायद्यातही झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

संगणकाची दुनिया या प्रश्नाला फार आधी सामोरी गेली आहे, आणि तीही अगदी साध्या कामात. एखादी फाइल किती मोठी आहे, हे प्रत्येक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो. या विचारण्याला सिस्टीम कॉल म्हणतात. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींमध्ये या कॉलचे नाव ‘स्टॅट’. त्याचे उत्तर बाइटच्या संख्येत येते आणि जुन्या व्यवस्थेत ती संख्या ठेवायला ३२ बिटांची जागा नेमून दिलेली होती. अधिक-उणे चिन्हासह ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोन जीबीला एक बाइट कमी. ही जागा ठरली तेव्हा एवढी मोठी फाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे डिस्क वाढल्या, डेटाबेस वाढले, चित्रफिती आल्या, फाइल दोन जीबी ओलांडू लागली आणि उत्तराची जागा मात्र तेवढीच राहिली. विंडोजमध्ये फाइलचा आकार सांगणारा ‘गेटफाइलसाइझ’ हा जुना कॉल आकार दोन तुकड्यांत देतो. खालचे ३२ बिट उत्तर म्हणून येतात आणि वरचा तुकडा हवा असेल तर विचारणाऱ्याने त्यासाठी वेगळी जागा करून द्यावी लागते. ती जागा दिली नाही, तर वरचा तुकडा गळून पडतो. मग पाच जीबीची फाइल एक जीबीची ठरते आणि नेमकी चार जीबीची फाइल शून्य बाइटची. फाइल शाबूत असते, डिस्कवरची नोंद बरोबर असते, कॉलही नेमून दिल्याप्रमाणेच चाललेला असतो. चुकते ते फक्त प्रोग्रॅमच्या हाती पडणारे उत्तर. त्या आकड्यावर विसंबून एखादा बॅकअप प्रोग्रॅम पहिला एक जीबी उतरवून घेईल आणि काम फत्ते झाल्याचे सांगेल. उरलेले चार जीबी गेल्याचे कळेल, ते बॅकअप उघडण्याची वेळ येईल तेव्हा.

याच कॉलमध्ये आणखी एक बारीक खोच आहे आणि माझ्या मुद्द्यासाठी ती सर्वांत महत्त्वाची. काही बिघाड झाला, आकार सांगताच आला नाही, तर हा कॉल ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या परत करतो. ही बिघाडाची खूण. पण चार जीबीला एक बाइट कमी असलेल्या फाइलचा खरा आकारही नेमका तेवढाच असतो. म्हणजे ‘कळले नाही’ आणि ‘एवढा आकार आहे’ या दोन गोष्टींना एकच आकडा. मायक्रोसॉफ्टने आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवले आहे की हे उत्तर आले, तर दुसरा कॉल करून खरेच बिघाड झाला का, हे तपासा. आणि मुळात हा जुना कॉल वापरण्यापेक्षा नवा, ६४ बिटांचा वापरा. युनिक्सच्या जगात १९९०च्या दशकाच्या मध्यात मोठ्या फाइलींसाठी नवे नियम ठरले. ६४ बिटांची जागा आली, पण त्याचबरोबर जुन्या प्रोग्रॅमसाठी एक नियम झाला. आकार नेमून दिलेल्या जागेत मावत नसेल, तर ‘स्टॅट’ने छाटलेला आकडा द्यायचा नाही, काम नाकारायचे आणि ‘नेमून दिलेल्या प्रकारासाठी मूल्य फार मोठे आहे’ असा निरोप द्यायचा. हा निरोप पाहून अनेक संगणकचालक वैतागले असतील, कारण चालू काम मध्येच थांबले. पण छाटलेल्या आकड्यावर चुकीचे काम पुढे सरकले नाही. अडले आहे हे दिसले, म्हणून ते दुरुस्तही झाले.

आता सातबाऱ्याकडे येऊ. मुखेड, नांदेड, लातूर हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. इथले जुने महसुली दप्तर बरेचसे उर्दूत आणि मोडीत आहे. १९५४-५५चे खासरा पत्रक आजही इथल्या जमिनीच्या वादात पुराव्यादाखल काढले जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची, ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, नंतर वाटण्या, विक्री, वारसा आणि शेवटी संगणकात नोंद. एका उताऱ्यावरचा क्षेत्राचा आकडा इतक्या हातांतून, लिप्यांतून आणि मापांतून आलेला आहे. प्रत्येक टप्प्यावर आकड्याला आधीच्यापेक्षा वेगळ्या रकान्यात बसवले गेले, आणि प्रत्येक वेळी थोडेफार काही छाटले गेले किंवा वाढले.

हे कसे घडते, ते हिशेबानेच पाहू. चार एकर सतरा गुंठे जमीन घ्या. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे एकूण १७७ गुंठे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. तेव्हा ही जमीन झाली १ हेक्टर ७९ आर आणि वर सात चौरस मीटर. तीन भावांत वाटणी झाली आणि नोंद आरपर्यंतच करायची असेल, तर प्रत्येकाला ५९ आर लिहावे की ६०? ५९ लिहिले तर बेरीज १७७ आर येते, दोन आर कोणाच्याच नावावर राहत नाहीत. ६० लिहिले तर १८० येते, नसलेला एक आर कागदावर उगवतो. चौरस मीटरपर्यंत गेले, तर प्रत्येकाला ५९ आर ६९ चौरस मीटर येतात आणि मीटरच्या अंशाएवढाच फरक उरतो. हा फरक क्षुल्लक आहे, पण दुसरा धोका क्षुल्लक नाही. चार एकर सतरा गुंठे हे पूर्वापार ‘४-१७’ किंवा ‘४.१७’ असे लिहिले जाते. त्यातले १७ हे चाळिसांपैकी आहेत, शंभरांपैकी नाहीत. ते दशांश समजून रूपांतर केले, तर ४.१७ एकराचे १ हेक्टर ६८ आर ७५ चौरस मीटर होतात. खरे क्षेत्र १ हेक्टर ७९ आर ७ चौरस मीटर. दहा आरांहून अधिक, म्हणजे दहा गुंठे जमीन एका टिंबाने नाहीशी होते आणि उत्तर कुठूनही संशयास्पद दिसत नाही. बेरीज जुळते, रकाने भरतात, प्रिंट येते.

लेंडी प्रकल्पासारख्या भूसंपादनात मोबदला क्षेत्रावर ठरतो. मुखेड तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांनी तो हिशेब जन्मभर केला आहे, त्यांना दहा गुंठ्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही. पीक कर्जाची मर्यादा हेक्टरी ठरते, नुकसानीची मदत हेक्टरी ठरते, विम्याची रक्कम हेक्टरी ठरते. शेतकऱ्याचा संसार ज्या आकड्याने गुणला जातो, तो आकडाच मुळात कुठून आला, हे उताऱ्यावर लिहिलेले नसते.

महसूल खात्याला हे ठाऊक नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संगणकीकरणाच्या वेळी खात्याने एडिट मॉड्यूल आणले, मग रीएडिट मॉड्यूल आणले, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेऊन लोकांसमोर सातबारे वाचून दाखवले. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही, असे सातबारे शोधून काढणारे अहवालही याच यंत्रणेत तयार होतात. २०१८च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले, ते या कष्टांनंतर. देशातल्या मोजक्याच राज्यांनी एवढे काम केले असेल. पण या साऱ्या मोहिमेचा रोख ‘जुळवून घ्या’ असा होता. बेरीज जुळत नसेल तर पुढे सरकू न देणे हा नियम योग्य आहे; मात्र त्या नियमासमोर बसलेल्या, आधीच दोन-तीन सज्जांचा भार असलेल्या ग्राम महसूल अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: मूळ दप्तर काढून चूक शोधणे, किंवा फरक कोणाच्या तरी खात्यात अथवा पोटखराब्यात जिरवून बेरीज जुळवणे. पहिल्या वाटेला दिवस लागतात, दुसरीला पाच मिनिटे. तिसरी वाट, म्हणजे ‘या गटाचे क्षेत्र निश्चित नाही, मूळ नोंद अमुक आहे आणि फरक तमुक आहे’ असे उताऱ्यावरच नोंदवण्याची वाट, त्याला नेहमीच्या कामात खुली असायला हवी. जुळलेली बेरीज म्हणजे खरे क्षेत्र नव्हे. ती फक्त एवढे सांगते की आता चूक असलीच, तर ती बेरजेतून दिसणार नाही.

कागदाच्या काळातही चुका होत्याच, हा पहिला आक्षेप येईल. खरे आहे, तलाठ्याच्या लहरीवर अवलंबून असलेल्या नोंदींनी कितीतरी घरे कोर्टात नेली. पण कागदावर खाडाखोड दिसत असे. शाई वेगळी दिसे, अक्षर बदललेले दिसे, आकड्यावर आकडा गिरवलेला दिसे. वकिलाची नजर आधी तिथेच जाई. मुद्रित उताऱ्यावर मात्र १९५४ पासून न बदललेला आकडा आणि काल दुपारी जुळवलेला आकडा एकाच टाइपात, एकाच ठसठशीतपणे छापला जातो. संगणकाने चुका कमी केल्या असतील. चुकीची खूणही त्याने पुसली, हे त्याबरोबरच मान्य करावे लागेल.

पावसाच्या नोंदीत हाच प्रश्न शून्याच्या रूपाने उभा राहतो. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. एका मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, तर अतिवृष्टी धरली जाते. पूर्वीच्या पीक विम्यात पावसाचा २१ दिवसांचा खंडही भरपाईची एक कसोटी होता, आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात तर अर्धापूरच्या केळीची भरपाई केंद्रावरच्या नोंदीवरच ठरते. अशा केंद्रांत बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे पर्जन्यमापक डोलणाऱ्या वाटीचे असते. नरसाळ्यातून पाणी छोट्या वाटीत पडते, वाटी भरली की कलंडते, दुसरी वाटी पुढे येते आणि प्रत्येक कलंडण्याची एक नोंद होते. रचना साधी आणि भरवशाची आहे. पण तिला दोन मर्यादा आहेत. पाऊस कोसळू लागला की वाटी कलंडत असतानाचे पाणी मोजणीतून निसटते, म्हणजे ज्या दिवशी नोंद सर्वांत मोलाची, त्याच दिवशी ती कमी भरण्याचा धोका सर्वांत जास्त. आणि नरसाळ्यात पाला अडकला, पक्ष्याची विष्ठा साचली, कोळ्याने जाळे विणले, तर पाणी खाली उतरतच नाही, वाटी कलंडत नाही, नोंद शून्य येते. उघडीप असतानाही नोंद शून्यच असते. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजता आला नाही’ यांना एकच आकडा मिळाला की पुढच्या कोणत्याही तक्त्यातून तो फरक परत काढता येत नाही. विंडोजच्या त्या जुन्या कॉलमधली गफलत ती हीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यावर आभाळ फाटले तेव्हा तालुक्यात दोनशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले, माणसे दगावली, लष्कराला बोलवावे लागले. एवढ्या मोठ्या आपत्तीत मदत नोंदीपाशी अडत नाही, कारण नुकसान डोळ्यांना दिसते आणि पंचनामे होतात. अडचण येते ती ६५ मिलिमीटरच्या काठावर. एका मंडळात पंधरा-वीस गावे असू शकतात आणि केंद्र एक. डोंगराच्या अलीकडे धो-धो आणि पलीकडे शिंतोडे, हे बालाघाटाच्या या पट्ट्यात नवे नाही. केंद्रावर ६३ मिलिमीटर नोंदले गेले, तर तो आकडा त्या नरसाळ्यापुरता खरा असू शकतो. चार कोसांवरच्या शिवारासाठी तो उत्तरच नव्हे. त्या शिवारात किती पडला, याचे प्रामाणिक उत्तर ‘मोजलेले नाही’ असे आहे. आज मात्र ६३ हा आकडा साऱ्या मंडळाला चिकटतो आणि जे मोजलेच नाही, ते मोजल्यासारखे धरले जाते.

आकडा यंत्रातून आला म्हणून तो खरा मानण्याची सवय किती महाग पडते, याचा अलीकडचा सर्वांत मोठा दाखला ब्रिटनच्या टपाल खात्यातला आहे. १९९९ पासून तिथल्या टपाल कार्यालयांत फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेब प्रणाली बसवली गेली. प्रणालीतल्या दोषांमुळे गल्ल्यात तूट दिसू लागली. पैसे कुठे गेले, हे कार्यालय चालवणाऱ्या साध्या माणसांना सांगता येईना. कोणी घर गहाण ठेवून ‘तूट’ भरली, कोणी तुरुंगात गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आले. २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकालपत्रात प्रणालीचे दोष मांडले, २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि अखेर २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून उरलेल्यांपैकी बहुतेकांची दोषसिद्धी रद्द करावी लागली. या अन्यायाला कायद्याचे पाठबळ होते, ही यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, अशी अट तिथल्या पुराव्याच्या कायद्यात होती. ती काढून टाकली गेली. त्यानंतर संगणक बरोबरच आहे, असे गृहीत धरले गेले, आणि तो चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार ज्यांच्याकडे प्रणालीची चावीच नव्हती त्यांच्यावर पडला.

आपल्याकडची स्थिती यापेक्षा काहीशी बरी आणि काहीशी वाईट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये संगणकीय नोंद पुराव्यात आणताना यंत्र नीट चालत असल्याचे प्रमाणपत्र लागते, तज्ज्ञाची सही लागते, फाइलची हॅश किंमतही द्यावी लागते. पण हॅश एवढेच सांगते की नोंद मध्ये कोणी बदलली नाही. ती मुळात खरी होती का, हे हॅश सांगू शकत नाही. दुसरीकडे जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाईल. हे कलम हवेच. ते नसेल तर कोणताही व्यवहार उभा राहणार नाही. पण ते लिहिले गेले तेव्हा नोंद म्हणजे माणसाने पाहून, चौकशी करून, गावात नोटीस देऊन प्रमाणित केलेली गोष्ट होती. रूपांतराच्या सूत्राने किंवा बेरीज जुळवण्याच्या गरजेने जन्मलेल्या आकड्यालाही तेच कवच मिळावे का, याचा विचार तेव्हा होणे शक्यच नव्हते. तो आता व्हायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो शेतकऱ्याच्याच बाजूने येतो. यंत्र ‘माहीत नाही’ म्हणू लागले तर कामे अडतील. ऐन पेरणीत बँक म्हणेल, तुमच्या उताऱ्यावर शेरा आहे, आधी तो काढून आणा. मग तहसील, भूमी अभिलेख, मोजणी, पुन्हा तहसील. आज निदान चुकीच्या आकड्यावर का होईना, कर्ज मिळते. ही भीती खोटी नाही. शेऱ्याचा उपयोग शेतकऱ्याला अडवण्यासाठीच होणार असेल, तर शेरा नसलेला बरा. म्हणून अनिश्चिततेची खूण आणि लाभाची अडवणूक या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या कराव्या लागतील. ज्या क्षेत्राबद्दल वाद नाही तेवढ्यावर कर्ज, विमा, मदत लगेच मिळावी. वरच्या उदाहरणातल्या त्या तीन भावांपैकी प्रत्येकाच्या ५९ आरांबद्दल शंका नाहीच. उरलेल्या दोन आरांसाठी तिघांचीही फाइल का थांबावी? आणि फरक जर शासनाच्याच रूपांतरात किंवा संगणकीकरणात निर्माण झाला असेल, तर महसूल संहितेच्या कलम १५५खालची लेखनप्रमादाची दुरुस्ती तहसीलदाराने शेतकऱ्याच्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहून सुरू करावी. चूक शोधण्याचा खर्च ज्याच्या घरात चूक झाली त्याने सोसावा, यात कोणाला वावगे वाटू नये.

तिसरा आक्षेप असा की अनिश्चिततेला जागा दिली की लबाडीला वाट मिळते. मोजलेले नाही असे म्हटले, तर प्रत्येक गाव आपल्याकडे ६५ मिलिमीटर पडल्याचे सांगेल; क्षेत्र निश्चित नाही म्हटले, तर प्रत्येकजण बांध सरकवेल. यावर उत्तर असे की लबाडीला सर्वांत सोयीचा असतो तो खुलासा न करणारा ठाम आकडा. कोणता आकडा कोणत्या कागदावरून, कोणत्या तारखेला, कोणत्या मापातून आला, हे ज्या उताऱ्यावर दिसते, त्यात घुसवाघुसवी करणे अवघड जाते. पावसाचेही तसेच. केंद्रावरच्या दर दहा-पंधरा मिनिटांच्या मूळ नोंदी, केंद्र बंद असल्याचे तास आणि शेवटची साफसफाई कधी झाली ती तारीख लोकांना पाहता आली, तर खोटा दावा करणारा लगेच उघडा पडेल आणि खरा दावा करणाऱ्याला आधार मिळेल. शेजारच्या चार केंद्रांवर मुसळधार आणि मधल्या एका केंद्रावर शून्य, अशी नोंद आली की ती मदतीच्या यादीत शून्य म्हणून न जाता ‘तपासणी बाकी’ म्हणून जावी, आणि त्या मंडळात पंचनाम्याने निर्णय व्हावा. याला नवे तंत्रज्ञान लागत नाही. शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहणे हवामानशास्त्रात नेहमीचेच आहे.

राहता राहिला हा युक्तिवाद की संगणक स्वतः चुकत नाही, भरणारा चुकतो. फाइलच्या आकाराचे उदाहरण मी विस्ताराने दिले ते याचसाठी. तिथे भरणारा कोणी नव्हताच. डिस्क बरोबर, फाइल बरोबर, कॉल बरोबर, प्रोग्रॅम बरोबर. चूक होती कॉल आणि प्रोग्रॅम यांच्यामधल्या सांध्यात, जिथे मोठी संख्या छोट्या जागेत उतरवली गेली. सातबाऱ्यातही निजामकालीन दप्तर लिहिणारा कारकून त्याच्या मापात बरोबर असेल, रूपांतर करणारा त्याच्या सूत्रात बरोबर असेल, नोंद भरणारा त्याच्या पडद्यावर बरोबर असेल. अशा वेळी दोषी माणूस शोधत बसण्याने दहा गुंठे परत येत नाहीत. सांधा शोधावा लागतो, आणि सांधा शोधायचा तर तिथे काय घडले याची नोंद ठेवावी लागते.

येत्या काळात हे निकडीचे होणार आहे, कारण आता एक यंत्रणा दुसऱ्या यंत्रणेला विचारू लागली आहे. फार्मर आयडी सातबाऱ्यातून क्षेत्र घेतो, विमा आणि अनुदान फार्मर आयडीतून घेतात, ई-पीक पाहणीतले पीकक्षेत्र त्याच क्षेत्राच्या मर्यादेत बसवले जाते. पूर्वी चुकीचा आकडा एका बस्त्यात पडून असे; आता तो एका दिवसात पाच ठिकाणी जातो आणि पाचही ठिकाणी एकमेकांचा साक्षीदार होतो. म्हणून या यंत्रणा एकमेकींना क्षेत्राचा आकडा देताना त्यासोबत आणखी दोन रकाने देतील, अशी अट राज्याच्या महसूल आणि कृषी विभागांनी आताच घालावी. पहिल्यात हा आकडा मोजणीतून आला, रूपांतरातून आला की बेरीज जुळवताना आला, हे लिहिलेले असावे. दुसऱ्यात मूळ नोंदीशी त्याचा फरक किती, हे असावे. सुरुवात मराठवाड्यातून करावी, कारण मापे, लिप्या आणि राजवटी यांचे सर्वाधिक सांधे इथल्या दप्तरात आहेत. मुखेडसारख्या एका तालुक्याचे सारे गट खासरा पत्रकाशी ताडून पाहिले, तर दशांशाच्या टिंबाने गेलेली जमीन किती आणि कोणाची, याची यादी तयार होईल. ती यादी गावच्या चावडीवर लावावी आणि तिच्यावरच्या प्रत्येक गटाला कलम १५५चा प्रकरण क्रमांक तहसीलदारानेच द्यावा.